गोचीड ताप उतरल्यावर कुत्र्याच्या किडनीची तपासणी का आणि कशी करावी?

सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. भैरवनाथाचे वाहन कुत्रा, त्यामुळे परांडा तालुक्याच्या या भागात कुत्र्याकडे पाहण्याची नजर थोडी वेगळी आहे. वस्तीवर राखणीला, मेंढरांमागे, घराच्या ओट्यावर कुत्रा असतोच. घरातला रुग्ण तपासून झाला की जाता जाता पुष्कळदा प्रश्न येतो, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला गोचीड ताप झाला होता. इंजेक्शन दिलं, ताप गेला, खायला लागला. आता काही बघायचं राहिलं का?"

बहुतेक वेळा एक गोष्ट राहिलेली असते, ती म्हणजे लघवीची तपासणी.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचे निदान आणि औषध पशुवैद्यानेच ठरवायचे असते. पण किडनीचे काम माणसात आणि कुत्र्यात जवळजवळ सारखेच चालते. मधुमेहाच्या रुग्णाला आम्ही दरवर्षी लघवीतील प्रथिने तपासायला सांगतो, त्यामागचे कारण गोचीड तापातून उठलेल्या कुत्र्यालाही लागू पडते. कोणती तपासणी केव्हा करायची आणि रिपोर्ट कसा समजून घ्यायचा, हे या लेखात पाहू.

गोचीड ताप म्हणजे नेमके काय?

गोचीड ताप हे बोलीतले नाव आहे आणि त्यात एकाहून अधिक आजार येतात. त्यातला एक मुख्य आजार म्हणजे बबेसिओसिस. बबेशिया हा एकपेशीय परजीवी आहे. गोचीड कुत्र्याचे रक्त पितो तेव्हा त्याच्या लाळेतून हा परजीवी रक्तात उतरतो, लाल पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. माणसाच्या मलेरियात जे घडते, त्याच्याशी हे बरेचसे मिळतेजुळते आहे.

भारतातील कुत्र्यांमध्ये बबेशियाच्या मुख्यतः दोन जाती आढळतात. एक बबेशिया व्होगेली आणि दुसरी बबेशिया गिब्सोनी. गिब्सोनी जातीची पहिली नोंद आपल्याच देशातली आहे. 1910 साली पॅटन यांनी मद्रासमधील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात हा परजीवी पाहून त्याचे वर्णन केले. या जातीचा महत्त्वाचा गुण असा की उपचारानंतरही तो शरीरातून पूर्णपणे जाईलच असे नाही. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि थोडे परजीवी महिनोन्‌महिने रक्तात राहतात.

गाई-म्हशींना होणारा लाल लघवीचा आजार शेतकऱ्यांना माहीत असतो. तोही बबेशियाचाच, पण जनावरातली जात वेगळी आणि कुत्र्यातली वेगळी.

याच गोचिडांमधून एर्लिकिया नावाचा जिवाणूही कुत्र्यात येतो. तो परजीवी नसला तरी ताप, प्लेटलेट कमी होणे आणि किडनीतून प्रथिने गळणे हे सर्व त्यानेही होते. दोन्ही संसर्ग एकाच कुत्र्यात एका वेळी असू शकतात. म्हणून "गोचीड ताप आहे" एवढ्यावर न थांबता, रक्ताच्या काचपट्टीवर नेमके काय दिसले हे पशुवैद्यांना विचारा. झटपट किटने तपासणी केली असेल तर ते किट कोणकोणते आजार ओळखते हेही विचारा. काही किटमध्ये एर्लिकियाची तपासणी असते, बबेशियाची नसते. अशा किटवर "निगेटिव्ह" आले म्हणून बबेशिया नाही असे ठरत नाही.

या आजारात किडनीला इजा कशी होते?

ती तीन वाटांनी होते आणि प्रत्येक वाटेचा वेग वेगळा असतो.

पहिली वाट लाल पेशी फुटण्याची. पेशी फुटल्या की त्यांच्यातले हिमोग्लोबिन रक्तात मोकळे होते आणि किडनीतून बाहेर पडू लागते. तेव्हा लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी दिसते. हे मोकळे हिमोग्लोबिन किडनीच्या सूक्ष्म नलिकांवर ताण आणते. त्यातच रक्त कमी झाल्यामुळे किडनीला प्राणवायू कमी पडतो.

दुसरी वाट पाणी आणि रक्तदाब कमी होण्याची. तापात कुत्रा खात-पीत नाही, उलट्या होतात, अंगातले पाणी घटते. किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी झाला की काही तासांतच इजा सुरू होऊ शकते.

तिसरी वाट सावकाशीची आणि म्हणूनच नजरेतून सुटणारी. परजीवी बराच काळ अंगात राहिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत राहते. परजीवीचे अंश आणि प्रतिपिंडे यांच्या जोड्या रक्तातून फिरत किडनीच्या गाळणीत अडकतात. तिथे सूज येते, गाळणीची छिद्रे ढिली पडतात आणि रक्तातली प्रथिने लघवीतून गळू लागतात. याच प्रकारे माणसात जुनाट मलेरियामुळे किडनीतून प्रथिने गळण्याचा आजार होतो.

पहिल्या दोन वाटांची इजा ताप असतानाच होते, तिसरीची ताप उतरल्यानंतरही चालू राहू शकते. कुत्रा खायला लागला, शेपटी हलवू लागला, म्हणजे ही तिसरी प्रक्रिया थांबली असे समजता येत नाही.

क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणजे किडनी ठीक आहे का?

सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनी बिघडली की तो रक्तात साठतो. पण किडनीची राखीव ताकद मोठी असते. काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम करतात आणि रक्तातील आकडा जागचा हलत नाही. कुत्र्यात साधारण 75 टक्के कार्यक्षमता गेल्यावर क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाते.

दुसरी अडचण आजारातून येते. बऱ्याच दिवसांच्या तापाने कुत्रा वाळला, स्नायू घटले, तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. मग किडनी बिघडलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. युरियावर तर या आजारात अजिबात विसंबून राहता येत नाही. लाल पेशी फुटल्यामुळे किंवा पोटात रक्तस्राव झाल्यामुळे किडनी बरी असतानाही तो वाढतो.

क्रिएटिनिन बिनकामाचे आहे असा याचा अर्थ नाही. एका आकड्यापेक्षा त्यातला बदल जास्त सांगतो. निरोगी असताना 0.8 असलेले क्रिएटिनिन आजारात 1.3 झाले, तर रिपोर्टवर ते मर्यादेतच दिसेल. पण दोन दिवसांत 0.3 इतकी वाढसुद्धा किडनीला अचानक झालेल्या इजेची खूण मानली जाते. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या.

इजा लवकर कळण्यासाठी कोणत्या तपासण्या करतात?

*लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण.* पशुवैद्य याला यूपीसी म्हणतात. लघवी कधी दाट असते, कधी पातळ, त्यामुळे नुसते प्रथिने मोजून अंदाज चुकतो. त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनने भागले की दाट-पातळचा फरक निघून जातो. उदाहरणार्थ, एका नमुन्यात प्रथिने 90 आणि क्रिएटिनिन 60 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर प्रमाण 1.5 येते. कुत्र्यांच्या किडनीविकारासाठी इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेचे निकष जगभर वापरले जातात. त्यांनुसार 0.2 पेक्षा कमी म्हणजे ठीक, 0.2 ते 0.5 म्हणजे सीमेवर आणि 0.5 च्या वर म्हणजे प्रथिने नक्की गळत आहेत. किडनीच्या गाळणीला झालेली इजा क्रिएटिनिन वाढण्याच्या खूप आधी या तपासणीत दिसू शकते.

*साधी लघवी तपासणी.* पट्टीवर प्रथिने 1+ आली तर घाबरण्याआधी लघवी किती दाट आहे ते बघावे लागते. खूप दाट लघवीत 1+ ला फारसा अर्थ नसेल, पण पातळ लघवीत तेच 1+ गंभीर ठरू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांचे साचे किंवा नलिकांच्या पेशी दिसल्या तर इजा ताजी आहे असे समजते.

*लघवीची घनता.* निरोगी किडनी पाणी राखून दाट लघवी तयार करते. कुत्र्यात घनता 1.030 किंवा त्याहून जास्त आली तर ही क्षमता शाबूत आहे असे समजतात. अंगात पाणी कमी असतानाही घनता कमीच राहिली तर किडनीवर संशय घ्यावा लागतो. ही क्षमता सुमारे दोन तृतीयांश कार्य गेल्यावर ढासळते, म्हणजे क्रिएटिनिनच्या थोडी आधी. घनता रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर पाहावी. कुत्र्याच्या लघवीसाठी पट्टीवरचा घनतेचा आकडा भरवशाचा नसतो.

*एसडीएमए.* ही रक्ततपासणी आहे. सरासरी 40 टक्के कार्य कमी झाल्यावर हा पदार्थ वाढू लागतो आणि स्नायू घटल्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. वाळलेल्या कुत्र्यात म्हणूनच ती उपयोगी पडते. मात्र ती सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. आकडा 18 किंवा त्याहून अधिक असा टिकून राहिला तर किडनीची पुढची तपासणी करतात.

*रक्तदाब.* कुत्र्याचाही रक्तदाब मोजता येतो. पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून तो घेतात. वरचा आकडा सतत 160 च्या वर राहिला तर किडनीची गाळणी आणखी बिघडते, डोळ्यांनाही धोका असतो.

*सोनोग्राफी.* किडनीचा आकार आणि रचना यातून कळते. पण सुरुवातीची इजा सोनोग्राफीत दिसेलच असे नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" म्हणून लघवीची तपासणी टाळू नका.

एकदा प्रथिने जास्त आली तर लगेच किडनीचा आजार समजायचा का?

नाही. ताप चढलेला असताना, लघवीत हिमोग्लोबिन किंवा रक्त असताना, मूत्राशयात जंतुसंसर्ग असताना, नर कुत्र्याला प्रोस्टेटचा त्रास असताना किंवा कुत्री माजावर असताना प्रथिनांचा आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून आधी ही कारणे बाजूला काढतात. मग किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा नमुना तपासतात. आकडा दरवेळी जास्तच आला तर गळती खरी.

लघवीचा नमुना कसा घ्यावा?

सकाळची पहिली लघवी घ्यावी. कुत्र्याला दोरी लावून बाहेर न्या. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली नसेल तर उकळून वाळवलेली लांब दांड्याची पळी किंवा वाटी चालते. सुरुवातीची धार सोडून मधली धार पकडा. चार-पाच चमचे लघवी पुरते. जमिनीवरची लघवी सिरिंजने ओढून घेऊ नका, कारण माती आणि जंतूंमुळे रिपोर्ट बिघडतो.

नमुना शक्यतो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवा. वस्तीवरून तालुक्याला जायला वेळ लागणार असेल तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी न्या. नमुना घेताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

माणसांच्या लॅबमध्ये ही तपासणी होते का?

ग्रामीण भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण जनावरांची स्वतंत्र प्रयोगशाळा जवळ असतेच असे नाही. लघवीतील एकूण प्रथिने, लघवीतील क्रिएटिनिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या रासायनिक तपासण्या आहेत. त्या माणसांच्या लॅबमधील यंत्रावरही होतात, मात्र लॅबला आधी विचारून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा माणसाची असते. आकड्याखाली रेघ मारलेली नाही म्हणून कुत्रा ठीक आहे असे स्वतःच ठरवू नका. आकडे पशुवैद्यांना वाचू द्या.

दुसरी गोष्ट, मधुमेहाच्या रुग्णांसाठी असलेली मायक्रोअल्ब्युमिन तपासणी कुत्र्याला लावू नका. ती माणसाच्या अल्ब्युमिनसाठी बनवलेली असते, कुत्र्याचे अल्ब्युमिन ती नीट ओळखत नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या की लघवीतील एकूण प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण हवे आहे.

मराठवाड्यात उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी तुमचे पशुवैद्य तिकडे पाठवू शकतात.

परदेशातील अनुभव काय सांगतो?

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये कुत्र्यांना लिशमॅनिया या परजीवीचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. तो वालुमाशीमुळे पसरतो. या आजारात कुत्र्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण किडनी निकामी होणे हेच आहे. क्रिएटिनिन नॉर्मल असलेल्या अनेक कुत्र्यांच्या लघवीत प्रथिने आढळतात. त्यामुळे तिथले पशुवैद्य निदान झाले की लगेच यूपीसी करतात आणि त्यावर आजाराची पायरी ठरवतात. भारतात लिशमॅनियामुळे होणारा काळा आजार मुख्यतः बिहार आणि शेजारच्या राज्यांत आहे. तो वालुमाशीमार्फत माणसाकडून माणसाला होतो, त्यात कुत्र्याची मोठी भूमिका मानली जात नाही. आपल्या कुत्र्यांचा प्रश्न गोचिडांचा आहे, पण लघवी आधी तपासण्याचा धडा तोच आहे.

घरी कशावर लक्ष ठेवावे?

* पाणी किती पितो. भांड्यात मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजा. दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याने 2 लिटरहून अधिक पिणे, हे जास्तच समजावे. उन्हाळ्यात प्रमाण वाढते, म्हणून आपल्याच कुत्र्याच्या नेहमीच्या सवयीशी तुलना करा.
* लघवी किती वेळा आणि कशी होते. रात्री उठून लघवीला जाणे, पाण्यासारखी फिकी लघवी किंवा खूप फेस ही सूचना आहे. लाल किंवा काळपट लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा.
* वजन. महिन्यातून एकदा करा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा.
* हिरड्या. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या झाल्या तर रक्त कमी झाले आहे, पिवळ्या झाल्या तर कावीळ आहे.
* ताप. कुत्र्याचे नेहमीचे तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. त्यामुळे नुसते अंग गरम लागले म्हणजे ताप नव्हे, आणि 103 च्या वर गेले तर दुर्लक्षही करू नये.
* पाय किंवा पोटाखाली सूज, तोंडाला घाण वास, सकाळी उलट्या, खाण्यावरची वासना जाणे. ही उशिराची लक्षणे आहेत. ती दिसेपर्यंत थांबायचे नाही, हाच लवकर तपासण्याचा उद्देश.

तपासण्या केव्हा कराव्यात?

साधारण आराखडा पुढीलप्रमाणे असतो. तुमचे पशुवैद्य आजाराच्या तीव्रतेप्रमाणे त्यात बदल करतील.

1. निदान झाले त्या दिवशी: रक्ताची संपूर्ण तपासणी, क्रिएटिनिन आणि साधी लघवी.
2. कुत्रा खात-पीत नसेल किंवा लघवी काळपट असेल तर: 24 ते 48 तासांत क्रिएटिनिन पुन्हा. लघवी होते की नाही याकडे सतत लक्ष. बारा तास लघवीच झाली नाही तर ती तातडीची वेळ समजा.
3. उपचार संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी: लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन प्रमाण, लघवीची घनता, क्रिएटिनिन. बहुतेक घरांत सुटते ती हीच फेरी.
4. तीन आणि सहा महिन्यांनी: हीच तपासणी पुन्हा, विशेषतः बबेशिया गिब्सोनी आढळला असेल तर.
5. त्यानंतर वर्षातून एकदा, लसीकरणाच्या वेळी.

खर्चामुळे सगळे करणे शक्य नसेल तर तिसऱ्या फेरीतील लघवीची तपासणी तरी सोडू नका. कुत्र्याला सुई न टोचता होणारी ही तपासणी आहे आणि तिच्यातून मिळणारी माहिती सर्वांत मोलाची.

इजा आढळली तर पुढे काय?

सुरुवातीलाच कळले तर करण्यासारखे पुष्कळ असते. आधी परजीवी खरोखर गेला का ते पाहतात. त्यासाठी काचपट्टीपेक्षा पीसीआर ही तपासणी अधिक संवेदनशील आहे. संसर्ग उरला असेल तर औषध बदलून पुन्हा उपचार करतात. मूळ कारण दूर झाल्यावर प्रथिनांची गळती कमी होऊ शकते.

गळती टिकून राहिली तर एनालाप्रिल, बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी औषधे पशुवैद्य देतात. ही नावे तुम्हाला ओळखीची वाटतील, कारण घरातल्या आजोबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांतही ती असतात. म्हणून त्यांच्या डब्यातली गोळी कुत्र्याला द्यायची नाही. मात्रा वजनावर ठरते, आणि अंगात पाणी कमी असलेल्या कुत्र्याला हीच गोळी किडनीसाठी घातक ठरते.

आहारात मीठ आणि फॉस्फरस कमी करतात. प्रथिने एकदम बंद करू नका. त्याने कुत्रा आणखी वाळतो. ताजे पाणी दिवसभर समोर असू द्या. पाणी जास्त पितो म्हणून भांडे उचलून ठेवणे ही मोठी चूक आहे. किडनी पाणी राखू शकत नसल्यामुळेच तो पीत असतो.

घरातल्या गोळ्या देऊ नका

कुत्र्याला ताप आला की घरातल्या माणसाची गोळी भाकरीत घालून दिली जाते. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात आणि जठरात जखमा करतात. गोचीड तापात किडनी आधीच ताणाखाली असते, तेव्हा एकदोन गोळ्याही तिला निकामी करायला पुरेशा ठरू शकतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. त्यातून यकृताला आणि लाल पेशींना इजा होते. अशी गोळी आधीच दिली गेली असेल तर संकोच न करता पशुवैद्यांना नाव, मात्रा आणि वेळ सांगा. उपचार त्यावर बदलतात.

हा आजार कुत्र्यापासून आपल्याला होतो का?

कुत्र्यात आढळणारा बबेशिया कुत्र्याला हात लावल्याने, चाटल्याने किंवा जवळ झोपल्याने माणसाला होत नाही. आजारी कुत्र्याला घराबाहेर काढण्याचे काही कारण नाही.

पण दोन आजार लक्षात ठेवावेत. पहिला लेप्टोस्पायरोसिस. हा जिवाणूंचा आजार कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही, आणि दोघांच्याही किडनीवर घाला घालतो. तो बाधित जनावराच्या लघवीतून पसरतो. ताप, कावीळ आणि काळपट लघवी अशी त्याची लक्षणे गोचीड तापासारखी दिसतात. म्हणून निदान होईपर्यंत अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नका. पायाला जखम असेल तर विशेष जपा. घरात कोणाला ताप आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना सुरू झाल्या तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल आवर्जून सांगा. कुत्र्यांसाठी लेप्टोस्पायरोसिसची लस उपलब्ध आहे.

दुसरा सर्रा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीचा हा आजार चावऱ्या माश्यांमुळे घोडे, उंट, गुरे आणि कुत्रे यांना होतो. कुत्र्यात ताप, चेहऱ्यावर सूज आणि डोळ्यावर निळसर पांढरा पडदा दिसू शकतो. माणसात तो जवळजवळ होत नाही. पण 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला तो झाल्याचे निदान झाले आणि वैद्यकीय साहित्यात अशा रुग्णाची ती पहिली ठोस नोंद ठरली. या परजीवीला मारणारा रक्तातील एक घटक त्यांच्या शरीरात नव्हता, असे पुढे आढळले. उपचारांनी ते बरे झाले. ही घटना दुर्मीळच आहे. पण जनावराचे रक्त किंवा जखम हाताळताना आपल्या हातावरची जखम झाकावी, एवढे त्यातून शिकावे.

गोचिडांचा बंदोबस्त

किडनी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुन्हा संसर्ग न होऊ देणे. गोचीड चिकटल्यावर परजीवी अंगात उतरायला साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज संध्याकाळी कान, मान, काखा आणि बोटांमधली जागा तपासली तर बराच धोका टळतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका.

कुत्र्यावरचे गोचीड काढून काम संपत नाही. मादी गोचीड भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, पोत्याखाली हजारो अंडी घालते. कुत्र्याची झोपायची जागा, गोठ्याच्या भिंती आणि ओट्याच्या कडा साफ करा, भेगा बुजवा. गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा फवारा यांपैकी काय वापरायचे ते वजन सांगून पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. गाई-म्हशींसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. त्यातून विषबाधा होते.

पशुवैद्यांना विचारायचे चार प्रश्न

1. माझ्या कुत्र्यात नेमका कोणता संसर्ग आढळला?
2. लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन प्रमाण केव्हा तपासायचे?
3. आजचे क्रिएटिनिन किती आहे आणि आधी किती होते?
4. परजीवी गेल्याची खात्री कशी करायची?

ही चार उत्तरे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. गोचीड तापातून उठलेल्या कुत्र्याची किडनी पुढची काही वर्षे कशी राहील, हे पुष्कळदा ताप उतरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातील एका साध्या लघवी तपासणीवर ठरते. ताप गेला असेल, तर तीच आता पुढची पायरी आहे.